फणसवाडीतला पहाटेचा अध्याय

मैत्रिणींनो, भुलेश्वरला खरेदीसाठी तुम्ही कधी ना कधी आला असालच. बांगड्या, देवांची वस्त्रं, फुलांच्या वेण्या असं सगळं घेऊन, दमूनभागून ठाकूरद्वारच्या बाजूला निघालात की एक गजबजलेली गल्ली लागते. तीच आमची फणसवाडी. पाटीवर तिचं नाव ‘सीताराम पोद्दार मार्ग’ असं आहे. पण ते नाव टॅक्सीवाल्याला सांगून बघा, तो तुमच्या तोंडाकडेच बघत राहील! फणसवाडी म्हटलंत की मात्र मीटर पडलाच म्हणून समजा.

आता तुम्ही विचाराल, फणस कुठे आहेत? एकसुद्धा नाही हो! मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंना हाच प्रश्न विचारला होता. त्या हसून म्हणाल्या होत्या, “फणस नाहीत, पण काटे आहेत. बेताने राहा.” आमच्या आसपास केळेवाडी आहे, आंबेवाडी आहे, जांभूळवाडी आहे, चंदनवाडी आहे. एके काळी या भागात बागाच बागा असणार. बागा गेल्या, चाळी आल्या, आता चाळी जाऊन टॉवर येताहेत. नावं मात्र झाडांचीच राहिली आहेत.

आज तुम्हांला या वाडीतली पहाट दाखवायची आहे. दिवसाची गर्दी तुम्ही पाहिलेली आहेच, पहाट सहसा कुणी पाहत नाही. चार-साडेचारला गल्ली अगदी मोकळी असते. व्यंकटेशाच्या देवळाचं दक्षिणी पद्धतीचं गोपूर अंधारात उभं असतं. तिथली घंटा वाजते, मग दुधाच्या क्रेटचा आवाज, मग फुलवाल्यांची लगबग. आमच्या मजल्यावर शेजारच्या काकूंची ज्ञानेश्वरी सुरू होते. पलीकडच्या मारवाडी बेन माळ घेऊन बसतात. आणि शेवटच्या दोन खोल्यांत, म्हणजे आमच्याकडे, पवित्र शास्त्रातला एक अध्याय मोठ्याने वाचला जातो. पाच वाजता नळाला पाणी येतं. त्याच्या आत सगळ्यांचे देव आटोपायचे, अशी आमच्या मजल्याची न लिहिलेली शिस्त आहे.

हो, आम्ही ख्रिस्ती आहोत, मराठी ख्रिस्ती. अजूनही हे सांगितलं की पुष्कळ बायका, “अय्या, पण तुम्ही तर अगदी आमच्यासारखंच मराठी बोलता!” असं म्हणतात. मी नुसती हसते. माझं माहेर नगरचं. ‘ज्ञानोदय’ मासिक १८४२ साली तिथेच सुरू झालं, आणि आमच्या घरी त्याच्या जुन्या अंकांचे गठ्ठे ट्रंकेत असत. नारायण वामन टिळकांची भजनं ऐकतच आम्ही मोठ्या झालो. माहेरी शास्त्रवाचन संध्याकाळी, दिवेलागणीला असायचं. वाचणारे वडील, आणि ऐकता ऐकता डुलक्या घेणाऱ्या आम्ही बहिणी! सासरी आले आणि कळलं की इथे वाचन पहाटे असतं, आणि डुलकी चालत नाही.

माझ्या सासूबाईंचा एक नियम आहे. रोज एक अध्याय, आणि तोही ओळीने. आवडीचा काढायचा नाही, नावडता गाळायचा नाही. नव्या नवलाईत मी एकदा म्हटलं होतं, “आई, आज एखादं छानसं स्तोत्र वाचू या का?” त्यावर त्या म्हणाल्या, “शास्त्र म्हणजे काय मिठाईचं दुकान आहे, हे द्या, ते द्या म्हणायला? पानात वाढलं ते खायचं.” पाव किलो मिठाई मागणाऱ्या गिऱ्हाइकासारखी मी गप्प बसले.

आमच्या पवित्र शास्त्रात ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय आहेत. (आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या बायबलात ७३ पुस्तकं असतात.) रोज एक अध्याय धरला तर पुरं व्हायला सव्वातीन वर्षं लागतात. सासूबाईंनी अशा किती फेऱ्या केल्या आहेत, त्यांचं त्यांनाच माहीत. पण काचबिंदूने त्यांची दृष्टी जात चालली होती, आणि गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ईस्टरच्या सुमारास, अक्षर दिसणं साफ थांबलं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “आता तू वाच. उत्पत्तीपासून सुरू कर.”

खरं सांगते, पहिले काही महिने मला हे ओझंच वाटलं. मी एका शाळेत अर्धा वेळ मराठी आणि इतिहास शिकवते. डबे, वह्या तपासणं, मुलाचा अभ्यास, त्यात पहाटे उठून लेवीयातले यज्ञांचे नियम आणि गणनेतल्या वंशावळ्या वाचायच्या! एकदा झोपेत मी नावांच्या यादीतली दोन नावं गाळली. “दोन राहिली गं,” अंधारातून आवाज आला. त्यांना ती यादी पाठ होती. मी चिडून म्हटलं, “आई, ही नावं वाचून कुणाला काय मिळणार?” त्या म्हणाल्या, “ज्यांची आहेत त्यांना वाटेल ना, आपल्याला कुणी गाळलं नाही म्हणून.”

हे वाक्य त्या वेळी मला टोचलं. का टोचलं ते सांगायचं तर घरातली एक गोष्ट तुमच्यापुढे उघडी करायला हवी.

आमच्या या दोन खोल्या पागडीच्या. सासऱ्यांच्या नावावर होत्या. ते गेल्यावर भाड्याची पावती आमच्या ह्यांच्या नावावर झाली, कारण इथे राहणारे आम्हीच होतो. थोरले दीर आणि जाऊबाई बारा वर्षांपूर्वीच नालासोपाऱ्याला राहायला गेले होते. मग इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. तुमच्यापैकी ज्या जुन्या मुंबईत राहतात त्यांना हे सांगायला नको. आमच्यासारख्या सेस भरणाऱ्या जुन्या इमारतीत भाडेकरूला निदान ३०० चौरस फुटांची जागा मिळते, आणि गिरगावातले ३०० चौरस फूट म्हणजे काय, हे कुणालाही समजतं. दिरांनी आपल्या हिश्शाची गोष्ट काढली. शब्दाला शब्द वाढला. मी मधे पडायला नको होतं, पण पडले. सगळ्यांच्या देखत जाऊबाईंना म्हणाले, “म्हातारपण काढायला आम्ही, आणि खोलीत वाटा मागायला तुम्ही!”

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. पर्स उचलली आणि जिना उतरून गेल्या. त्यानंतर दोन नाताळ आले आणि गेले. करंज्यांचा डबा इकडून तिकडे गेला नाही, तिकडून इकडे आला नाही. आमच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर सासऱ्यांनी आपल्या अक्षरात घरातले जन्म, बाप्तिस्मे आणि लग्नं लिहून ठेवली आहेत. पुष्कळ ख्रिस्ती घरांत ही पद्धत आहे. त्यात जाऊबाईंचं नाव आहे आणि त्याच्याच खाली माझं. पुस्तक उघडताना मी ते पान अंगठ्याने पटकन उलटत असे.

तर गेल्या डिसेंबरातली गोष्ट. ११ तारखेला, गुरुवारी, ओळीने वाचता वाचता आम्ही रूथच्या पुस्तकाशी आलो. हे चारच अध्यायांचं छोटंसं पुस्तक आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण ही कथा धर्माच्या आधी सासू-सुनांची आहे.

बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलांना घेऊन मवाब देशात गेली. तिथे नवरा वारला. मुलांनी तिथल्याच मुली केल्या, एक अर्पा आणि दुसरी रूथ. पुढे दोन्ही मुलंही गेली. घरात तीन विधवा उरल्या. गावाकडे पाऊसपाणी बरं झाल्याचं कळलं तेव्हा नामी परत निघाली. वाटेत ती सुनांना म्हणाली, तुम्ही आपापल्या आईकडे परत जा. दोघी रडल्या, दोघीही ‘येतो’ म्हणाल्या. तिने पुन्हा समजावलं तेव्हा अर्पाने सासूचा मुका घेतला आणि ती परत फिरली. रूथ मात्र सासूला बिलगून राहिली, आणि मरेपर्यंत तुला सोडणार नाही अशी शपथ तिने घेतली.

तुम्हांला खोटं कशाला सांगू? हा अध्याय वाचताना माझा आवाज चांगलाच चढला होता. रूथ म्हणजे मीच की! सासूजवळ राहिलेली, तिचं करणारी. आणि निघून गेलेली अर्पा कोण, ते काय सांगायला हवं?

माझं वाचून झालं. सासूबाई म्हणाल्या, “ती दोघींना परत जा म्हणते ना, तिथून पुन्हा वाच.” मी वाचलं. “आशीर्वाद कुणाला दिला तिने?” त्यांनी विचारलं.

मी पुन्हा ओळीवर बोट ठेवलं. “दोघींना.”

“हं. चल, ऊठ, पाणी आलं.”

बस्, एवढंच. बादल्या भरताना मी मनाशी तेच घोळवत होते. लहानपणापासून रूथवर किती प्रवचनं ऐकली असतील! पण अर्पाला शास्त्रात कुठे वाईट म्हटलंय, हे आठवायला गेले तर काही आठवेना. संध्याकाळी चोरून पुन्हा पाहिलं. खरंच नाही. तिचं रडणं लिहिलंय, सासूचा मुका घेणं लिहिलंय. तिला नावं ठेवली ती आपण, वाचणाऱ्यांनी.

शुक्रवारी दुसरा अध्याय झाला, रूथ बवाजच्या शेतात कापणीमागे सरवा वेचायला जाते तो. शनिवारी तिसरा. रविवारी चौथा, आणि त्यात बघा काय निघावं? जमिनीचा वाटा! नामीच्या नवऱ्याच्या शेताचा प्रश्न गावच्या वेशीवर, दहा वडीलधाऱ्यांसमोर निघतो. सगळ्यांत जवळचा जो नातलग आहे तो आधी म्हणतो, शेत मी घेतो. पण त्याबरोबर रूथचीही जबाबदारी येते म्हटल्यावर तो माघार घेतो आणि रिवाजाप्रमाणे पायातली चप्पल काढून देतो. मग बवाज सगळ्यांना साक्षी ठेवून दोन्ही स्वीकारतो. मी पुन्हा मनात म्हटलं, जमीन हवी पण माणूस नको, हे तर आमचे भाऊजीच! बघा, तीन दिवसांपूर्वी अर्पाने एवढं शिकवलं होतं, तरी माझी खोड जात नव्हती. दुसऱ्यासाठी आरसा धरायचा आणि आपण त्याच्या मागे उभं राहायचं!

त्या रविवारी मी उपासनेला चालतच गेले. हा रस्ता मला फार आवडतो. तुम्हीही कधी जमलं तर चाला. फणसवाडीतून ठाकूरद्वारला, गिरगाव रस्त्यावर यायचं. या रस्त्याखालून २०२५ च्या ऑक्टोबरपासून मेट्रो धावते. काळबादेवी आणि गिरगाव अशी दोन स्थानकं झाली आहेत, आणि त्यासाठी किती तरी ओळखीच्या इमारती पडल्या. पुढे खोताची वाडी. दादोबा वामन खोतांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेली, लाकडी सज्जांची टुमदार घरं. यातली काहीच आता उरली आहेत. इथले ईस्ट इंडियन लोकही मराठीच बोलतात. वाडीत क्रूस आहे, त्यावर ताजा हार असतो. मुंबईतल्या जुन्या वस्त्यांतले असे कित्येक क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर उभे राहिले. आपण वाचलो, म्हणून उपकाराची खूण.

तिथून पुढे आमचं अंब्रोली चर्च. मराठी मंडळीचं, मराठी उपासनेचं. डॉ. जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२९ साली मुंबईत आले. अंब्रोलीच्या मिशनघरात १८३२ मध्ये निघालेल्या शाळेचं पुढे विल्सन कॉलेज झालं. विल्सनसाहेबांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. मार्गारेटबाईंचं मात्र कमी लोकांना. त्यांनी इथे मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा मुलीने वाचणं म्हणजे संसाराला अपशकुन समजत. जेमतेम सहा वर्षं काम करून त्या १८३५ साली इथेच वारल्या. मी शाळेत हा धडा शिकवत नाही, तो अभ्यासक्रमात नाही. पण अंब्रोलीच्या दारातून आत जाताना मला त्यांची आठवण होते. मुलींना आधी अक्षर यावं लागलं, तेव्हा कुठे पहाटेचा अध्याय बाईच्या तोंडी आला.

आणि तिथून चौपाटी किती लांब? पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी तिथेच शारदा सदन उघडलं. पुढे केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. १९२२ साली मृत्यूच्या थोडंसं आधी ते काम संपलं, आणि १९२४ मध्ये ते छापून निघालं. छपाईचे खिळे जुळवायलाही तिथल्या बायकाच होत्या. मी खिळ्यांचं काम कधी पाहिलेलं नाही. पण एक एक अक्षर उचलून ओळ करायची तर एकही नाव गाळता येत नसणार, एवढं मला समजतं.

उपासनेत त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. पाळकसाहेब काय बोलले ते मी आता सांगू शकणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची एक शिकवण मात्र डोक्यात घोळत होती. देवाला अर्पण घेऊन आलास, आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं तिथे आठवलं, तर अर्पण तसंच ठेव आणि आधी त्याची समजूत घालून ये. गंमत बघा, यात चूक कुणाची याचा हिशेब नाही. त्याच्या मनात काही आहे, एवढंच पुरे.

दानाची थैली माझ्यापुढे आली. मी नोट हातातच धरून बसले होते, थैली पुढे गेली.

बाहेर आले आणि घरी न जाता चर्नी रोडला गेले. धीम्या गाडीने दादर, तिथून विरार गाडी. ह्यांना फोन करून एवढंच सांगितलं की उशीर होईल, आईंना जेवायला वाढा. नालासोपारा येईपर्यंत मी तीनदा परत फिरायचं ठरवलं. गेटवर काय बोलायचं, दारात काय बोलायचं, सगळं पाठ केलं होतं.

दार उघडलं तेव्हा जाऊबाईंचे हात पिठाने माखलेले होते. पाठ केलेलं सगळं मी विसरले. म्हणाले, “आज रूथचा चौथा अध्याय होता.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या, “मीही आत्ताच पाहून ठेवला. ये.”

मला काही कळेना. मग कळलं. मी दुपारी शाळेत असते तेव्हा, रोज दोन वाजता, जाऊबाई आईंच्या बटणांच्या फोनवर फोन करत होत्या आणि पहाटे मी वाचलेला तोच अध्याय त्यांना पुन्हा वाचून दाखवत होत्या. ईस्टरपासून, रोज! आई एकच अध्याय दोन सुनांकडून ऐकत होत्या, आणि मला त्यांनी अवाक्षराने सांगितलं नव्हतं.

“मग त्यांनी तुम्हांलाही विचारलं का, आशीर्वाद कुणाला दिला म्हणून?”

जाऊबाई हसल्या. “नाही गं. मला विचारलं, अर्पा गेली ती का गेली असेल? मी म्हटलं, मला काय विचारता, तुम्हांला ठाऊक नाही का?”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्या दोन खोल्यांत सासू-सासरे, हे, दीर, जाऊबाई आणि त्यांची लहानगी, अशी सहा माणसं राहत होती. मधे पडदा. नव्या नवरीला ठेवायचं कुठे? कुणीतरी एकाने निघायलाच हवं होतं. जाऊबाई म्हणाल्या, आपण निघू. दागिने मोडून त्यांनी नालासोपाऱ्याची जागा घेतली. ज्या खोलीत माझा संसार उभा राहिला ती खोली त्यांनी मला रिकामी करून दिली होती, आणि मी त्यांनाच तोंडावर म्हटलं होतं, वाटा मागायला तुम्ही!

“आणि आईंचं म्हणशील,” त्या पुढे म्हणाल्या, “तर आम्ही दोनदा न्यायला आलो होतो. त्या म्हणाल्या, फणसवाडीतून मी आता शिवडीलाच जाईन.” शिवडीला आमची दफनभूमी आहे.

मी रडले. त्याही रडल्या, पण पीठ मळायचं त्यांनी थांबवलं नाही. नंतर आम्ही दोघींनी मिळून नाताळच्या करंज्या केल्या. मी लाटल्या, त्यांनी भरल्या. माफी मी नेमकी कोणत्या शब्दांत मागितली ते आता आठवत नाही. दुसऱ्या घाण्याच्या वेळी मागितली, एवढं आठवतं.

मैत्रिणींनो, यातून सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. खोलीचा प्रश्न अजून सुटायचा आहे. जानेवारीत दोघे भाऊ मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन बसले. वेशीवरचे दहा नव्हते, पण दोन तरी होते! बरंचसं कागदावर आलं आहे, दोन मुद्दे अडले आहेत. आवाजही चढले. पण या वेळी कुणी जिना उतरून गेलं नाही.

नाताळच्या पहाटे ती मंडळी आमच्याकडे होती. मला वाटलं, निदान आज तरी आई येशूजन्माचा अध्याय घेऊ देतील. छे! नियम तो नियम. ओळीने आला तो पहिल्या शमुवेलाचा अकरावा, शौल राजाच्या लढाईचा! मुलांनी डोळे फिरवले. जाऊबाई वाचत होत्या. लढाई जिंकल्यावर लोक म्हणतात, ज्यांनी शौलाला विरोध केला होता त्यांना आता मारून टाकू. आणि शौल म्हणतो, नाही, आज कुणालाही मारायचं नाही. जाऊबाई तिथे क्षणभर थांबल्या. दीर आणि हे, दोघेही जमिनीकडे बघत होते.

तुमच्यापैकी कुणाला असं वाचन सुरू करायचं असेल तर माझ्या अनुभवाचं सांगते. पोथी कोणतीही असो, भाग लहान घ्या, पण रोज घ्या. वेळ अशी निवडा की पाठोपाठ एक काम अडून बसलेलं असेल, म्हणजे लांबण लागत नाही. मोठ्याने वाचा, घरात ऐकणारं कुणी असेल तर फारच चांगलं. ख्रिस्ती शास्त्र कधीच उघडलं नसेल आणि कुतूहल असेल तर रूथपासून उघडा, चार दिवसांत संपेल. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, महिन्याच्या तारखेप्रमाणे घेता येतात. आणि सासूबाईंचा नियम जमला तर पाळा. आवडीचं तेवढंच निवडून वाचलं असतं तर मी रूथची शपथ तेवढी शंभरदा वाचली असती, अर्पा कधी दिसलीच नसती.

आमची इमारत पुढेमागे पडणार. मग संक्रमण शिबिर, मग लिफ्टची नवी जागा, चोवीस तास पाणी. पाच वाजताची घाई उरणार नाही. शेजारच्या काकूंचा आवाज भिंतीपलीकडून येणार नाही. सासूबाईंना याची चिंता दिसत नाही. अजून नऊशेहून जास्त अध्याय बाकी आहेत, म्हणतात, त्याआधी कुठेही जायचं नाही, नव्या जागेतही नाही आणि शिवडीलाही नाही.

पहाटे मी पुस्तक उघडते तेव्हा आता ते पहिलं पान उलटायची घाई करत नाही. जाऊबाईंचं नाव, खाली माझं. मग खूण काढते आणि सुरू करते. दुपारी दोन वाजता तिकडून तोच अध्याय पुन्हा वाचला जाणार आहे हे ठाऊक असल्यामुळे एकही नाव गाळत नाही. गाळलं तर चोरी पकडली जाईल ना!